नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर : प्रस्तावना

हिंगोली जिल्ह्यात नवी गाडी घरी येण्याचे हंगाम दोन. सोयाबीन निघून पैसा हातात आला की दसरा ते दिवाळी हा पहिला. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात गेली की गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया हा दुसरा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या पिकाच्या पैशातून दरवर्षी किती ट्रॅक्टर, कार आणि मोटारसायकली एमएच-३८ क्रमांकाची पाटी लावून गावोगाव जातात, हे पाडव्याच्या आसपास कोणत्याही शोरूमसमोर उभे राहिले की दिसते. हार चढतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. कार असेल तर पहिला रस्ता औंढ्याच्या नागनाथाचा किंवा नर्सीच्या नामदेवांचा. ट्रॅक्टर असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी रान.

या आनंदात एक गोष्ट मागे पडते. चावी हातात आली त्या क्षणी इंजिन तयार झालेले असते, पण पुरते झालेले नसते. त्याचे शेवटचे काम कारखान्यात होत नाही, ते रस्त्यावर आणि शेतात होते, आणि ते मालकाच्या हातून होते. कारचे हे काम साधारण पहिल्या हजार किलोमीटरमध्ये उरकते, ट्रॅक्टरचे पहिल्या पन्नास तासांत. त्या काळाला आपल्याकडे ‘गाडी रनिंगमध्ये आहे’ असे म्हणतात. ही पुस्तिका त्या थोड्या दिवसांविषयी आहे.

त्या दिवसांत काय करावे, याचे दोन सल्ले प्रत्येक गावात मिळतात. घरातले वडीलधारे सांगतात, ‘हळू चालव, चाळीसच्या वर काटा जाऊ देऊ नको.’ मित्रमंडळी सांगतात, ‘पहिल्यापासून ताणून चालव, मग पिकअप कायम चांगला राहतो.’ दोन्ही सल्ले प्रेमानेच दिलेले असतात आणि दोन्हींत खरेपणाचा अंश आहे. पण पुरते खरे दोन्ही नाहीत. नव्या इंजिनाला लाडही नको आणि छळही नको. त्याला मध्यम, सतत बदलता आणि हळूहळू वाढत जाणारा भार हवा. पुस्तिकेत सांगायचे ते एवढेच आहे. मात्र ते का, हे समजल्याशिवाय माणूस ते पाळत नाही, म्हणून आधी इंजिनाच्या आत डोकावू.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत बोअरमध्ये, पिस्टन वरखाली होतो. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर सेकंदाला ५० फेरे झाले. म्हणजे पिस्टन एका सेकंदात शंभर वेळा बोअरच्या भिंतीवरून सरकतो. पिस्टन स्वतः त्या भिंतीला घट्ट बसलेला नसतो. मधली फट बंद करतात त्या पिस्टनवरच्या रिंगा. वरच्या दोन रिंगा ज्वलनाचा वायू खाली निसटू देत नाहीत आणि तिसरी रिंग भिंतीवरचे जादा ऑईल खरवडून खाली पाठवते. इंजिनाची ताकद, एव्हरेज, धूर आणि आयुष्य यांतले बरेच काही या बारीक कड्यांवर अवलंबून असते.

बोअरची भिंत हाताला गुळगुळीत लागते, पण ती तशी नसते, आणि मुद्दाम तशी ठेवलेली नसते. कारखान्यात होनिंग करताना तिच्यावर एकमेकांना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी ओढतात. या रेघांची खोली काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारांश भाग एवढीच. रेघांच्या खाचांत ऑईल साठून राहते आणि रिंगांना वंगण मिळते. दोन खाचांच्या मध्ये मात्र सूक्ष्म उंचवटे असतात. नव्या रिंगेच्या कडेवरही तसेच उंचवटे असतात. इंजिन चालू लागले की दोन्हींकडचे उंचवटे एकमेकांवर घासून सपाट होतात आणि ती रिंग त्या भिंतीला बेतल्यासारखी बसते. एकदा ती बसली की मधून वायू निसटत नाही आणि ऑईलही वर चढत नाही. इंजिन मोकळे झाले, असे आपण म्हणतो तेव्हा आत हेच घडलेले असते.

आता प्रश्न असा, की रिंगेला भिंतीवर दाबते कोण? रिंगेचा स्वतःचा ताण थोडाच असतो. खरा दाब येतो ज्वलनाच्या वायूचा. तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूला ढकलतो. इंजिनावर भार जितका जास्त, तितका हा दाब जास्त. भार फारच कमी असेल, म्हणजे गाडी तासन्‌तास न्यूट्रलमध्ये गुरगुरत ठेवली, तर रिंग ऑईलच्या थरावरून नुसती सरकत राहते. उंचवटे झिजत नाहीत. भिंतीवर उरलेले ऑईल उष्णतेने जळून तिथे चकचकीत, कठीण थर धरते. होनिंगच्या खाचा त्याने बुजतात. बोअरला अशी काचेसारखी चकाकी आली की पुढे कितीही चांगली चालवली तरी रिंग नीट बसत नाही. ती गाडी जन्मभर ऑईल खाते.

उलट टोकाला, नव्या इंजिनावर पहिल्याच दिवशी पूर्ण भार टाकला तर उंचवट्यांच्या टोकांवर घर्षणाची उष्णता इतकी वाढते की ऑईलचा थर तुटतो. धातू धातूला चिकटतो आणि ओरखडे पडतात. उंचवटे झिजून सपाट होण्याऐवजी उपटले जातात. बेअरिंगे, कॅमशाफ्ट, गियरचे दाते, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच होते. म्हणून भार हवा, पण मध्यम. वाढवायचा, पण टप्प्याटप्प्याने.

आणि तो बदलता का हवा? एकाच वेगाने, एकाच गियरमध्ये तासभर चालवले तर इंजिनाच्या भागांवर एकाच प्रकारचा दाब आणि एकच तापमान राहते. रेस दिली, सोडली, गियर बदलला, चढ चढला, उतार उतरला, की दाब वाढतो आणि कमी होतो. दाब वाढला की रिंग बसते. रेस सोडली की घासणाऱ्या पृष्ठभागांना थंड व्हायला वेळ मिळतो आणि सुटलेले धातूचे बारीक कण ऑईलबरोबर वाहून फिल्टरमध्ये अडकतात. इंजिन तयार होते ते या चढउतारातून.

वडीलधाऱ्यांचा ‘हळू चालव’ हा सल्ला कुठून आला, तेही समजून घ्यायला हवे. तो अडाणीपणातून आलेला नाही. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांच्या वेळी यंत्रकामातली अचूकता आजच्याइतकी नव्हती. ऑईलही साधे असायचे. नवे इंजिन घट्ट असायचे, लवकर तापायचे आणि खरोखरच जाम व्हायचे. गाडी वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायादीनंतर मिळायची. ती पहिल्या महिन्यात बिघडवण्याची कोणाची हिंमत नव्हती. शेतातही तेच. विहिरीवर किर्लोस्करांचे डिझेल इंजिन बसवले की पहिले काही दिवस मिस्त्री सांगेल तसेच ते चालायचे. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली सुरू झाली, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या दोन-तीन पिढ्यांनी इंजिनाची निगा राखण्याचे पहिले धडे या विहिरीवरच्या इंजिनांपाशीच गिरवले.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि गाडीच्या कारखान्यांचे चित्र बदलू लागले. आज होनिंग यंत्रे नेमून दिलेल्या मापात करतात. प्लॅटो होनिंग या पद्धतीत उंचवट्यांची टोके कारखान्यातच खुडून सपाट केलेली असतात, म्हणजे रनिंगमधले बरेच काम आधीच झालेले असते. अनेक कारखान्यांत इंजिन विजेच्या मोटरने फिरवून तपासतात. ऑईल सुधारले आहे. इंजिनाचा संगणक तापमान आणि इंधन सांभाळतो. त्यामुळे आजची कार पहिल्या दिवशी शंभरच्या वेगाने गेली तर ती लगेच जाम होईल, असे म्हणणे खोटे ठरेल. मग रनिंगची गरज संपली का? नाही. ती कमी झाली आहे, संपलेली नाही. याला पुरावा हवा असेल तर तो गाडीच्या कप्प्यात पडून असलेल्या मालकाच्या पुस्तकात आहे. ज्या कंपन्यांनी ही अचूक इंजिने बनवली, त्याच कंपन्या पुस्तकात रनिंगचे वेगळे पान आजही छापतात.

मारुती सुझुकीच्या पुस्तकांत पहिल्या ९६० किलोमीटरचे नियम दिलेले आढळतात. हा आकडा विचित्र वाटतो. तो ६०० मैलांचे रूपांतर आहे. त्या काळात उभ्या गाडीत रेस देऊ नये, इंजिन हळूहळू गरम होऊ द्यावे, खूप वेळ एकाच वेगाने चालवू नये, जागेवरून पूर्ण रेस देऊन उठू नये, वरच्या गियरमध्ये रखडत चालवू नये, मागे ट्रेलर ओढू नये; आणि पहिल्या ३२० किलोमीटरपर्यंत करकचून ब्रेक मारू नये. टोयोटा, होंडा, ह्युंदाई यांच्या पुस्तकांतही शब्द वेगळे असले तरी आशय हाच आहे: पहिले हजार किलोमीटर वेग बदलता ठेवा, जोराचा उठाव टाळा. ह्युंदाईने आपल्या पुस्तकांत इंजिनाचे फेरे २००० ते ४००० च्या दरम्यान ठेवायला सांगितले आहे. जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले अभियंते एकच गोष्ट सांगत असतील तर ती ऐकण्यात शहाणपण आहे.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. कंपन्या वेगापेक्षा इंजिनाच्या फेऱ्यांवर भर देतात. ‘चाळीसच्या वर नाही’ या नियमात खरी चूक इथेच आहे. पाचव्या गियरमध्ये चाळीसने चालवलेली गाडी मालकाला सौम्य वाटते, पण आत इंजिन दबलेले असते. फेरे कमी, भार जास्त, आणि ऑईलचा थर पातळ. टर्बो पेट्रोल इंजिनात तर अशा वेळी ठिणगीच्या आधीच इंधन पेट घेण्याचा धोका असतो. त्याऐवजी तिसऱ्या गियरमध्ये चाळीस ठेवले तर तेच इंजिन सुखात चालते. म्हणून स्पीडोमीटरपेक्षा शेजारचा आर.पी.एम.चा काटा बघावा आणि इंजिन दबते आहे असे वाटले की खालचा गियर टाकावा.

आपल्या जिल्ह्यात हे कसे पाळायचे, हा खरा विषय. पुष्कळ जण कारची डिलिव्हरी नांदेडहून किंवा अकोल्याहून घेतात. येण्याचा रस्ता म्हणजे १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. रुंद आणि सरळ. कार हातात आल्यावर पहिला तास-दीड तास टॉप गियरमध्ये एकाच वेगाने जातो, म्हणजे पहिला नियम शोरूममधून निघताच मोडतो. उपाय साधा आहे. त्या वाटेवर वेग साठ ते ऐंशीच्या दरम्यान खालीवर करत राहा, मधूनच गियर खाली घ्या, पुन्हा वर न्या, अर्ध्या वाटेत चहाला थांबा. क्रूझ कंट्रोलचे बटण पहिल्या हजार किलोमीटरमध्ये विसरा. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, आणि नवी गाडी घेतली की तिथे १२० चा काटा बघायची हौस तरुणांना असते. ती हौस पहिल्या सर्व्हिसनंतर भागवावी. रस्ता कुठे जात नाही.

नवी गाडी घडवायला सर्वांत चांगले रस्ते आपल्या जिल्ह्याच्या आतलेच आहेत. हिंगोलीहून औंढ्याला जाणारा रस्ता पंचविसेक किलोमीटरचा आहे. त्यावर चढ, उतार, वळणे आणि गावे सगळे आहे. तिथून पुढे सिद्धेश्वर धरणाकडे जा, किंवा वसमतला. दुसऱ्या दिवशी नर्सी आणि सेनगाव करा, तिसऱ्या दिवशी कळमनुरी. या रस्त्यांवर वेग आपोआप बदलतो, ब्रेक वापरात येतात, इंजिन गरम होते आणि थंड होते. नव्या गाडीने देवाला जाण्याची आपली रीत या दृष्टीने अगदी योग्य आहे. जवळच्या देवापासून सुरुवात करावी, एवढेच. घोटाळा होतो तो चार दिवसांत सात माणसे आणि डिकीभर सामान घेऊन तिरुपतीला निघाल्याने. पूर्ण भरलेली गाडी, दिवसभर एकाच वेगाची धाव आणि शेवटी घाट, हे तिन्ही एकदम नव्या इंजिनावर येते. तिरुपती, पंढरपूर, तुळजापूर जरूर करा, पण आधी हजार किलोमीटर आसपासच्या गावांत घाला आणि पहिली तपासणी करून घ्या.

इंजिनाबरोबर गाडीचे इतर भागही याच दिवसांत जुळत असतात. नव्या ब्रेक पॅडचा पृष्ठभाग डिस्कला पुरता बसलेला नसतो, म्हणून सुरुवातीचे तीनशे किलोमीटर पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो. तो घासला जाईपर्यंत पकड कमी असते, विशेषतः ओल्या रस्त्यावर. विजेवर चालणारी कार घेतलेल्यांना इंजिनाची चिंता नाही, पण ब्रेक आणि टायरचा हा नियम त्यांनाही लागू आहे. मोटारसायकलवाल्यांसाठी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, कारण त्यांची बहुतेक इंजिने हवेने थंड होतात आणि वैशाखात सिग्नलवर उभी राहिली की लवकर तापतात. दुचाकीच्या पुस्तकात अनेकदा गियरनिहाय वेगमर्यादांचा तक्ता असतो. तो पहिल्या महिन्यात तोंडपाठ असावा.

आता ट्रॅक्टर. या जिल्ह्यात नव्या इंजिनाचा सर्वांत मोठा छळ होतो तो ट्रॅक्टरचा, आणि तो हौसेने होत नाही, गरजेपोटी होतो. दसऱ्याला ट्रॅक्टर येतो तेव्हा सोयाबीन निघालेले असते, हरभऱ्यासाठी रान तयार करायचे असते आणि थोड्याच दिवसांत उसाचा हंगाम उभा राहतो. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सगळ्यांनीच पाहिले आहेत. त्यांतल्या एखाद्याचे घड्याळ अजून वीस तासांवरही नसते. पाडव्याला आलेल्या ट्रॅक्टरला उन्हाळी नांगरट लागते आणि मग हळदीचे बेड. काळ्या, वाळून कडक झालेल्या जमिनीत पल्टी नांगर खोल घालणे हे ट्रॅक्टरच्या सर्वांत जड कामांपैकी एक. कर्जाचा हप्ता डोक्यावर असतो, शेजाऱ्यांची भाड्याची कामे रांगेत असतात, आणि नव्या ट्रॅक्टरला विश्रांती देणे कोणालाच परवडत नाही.

पण विश्रांती द्या असे कोणी म्हणत नाही. कामांचा क्रम बदला, एवढेच म्हणणे आहे. आपल्या वडिलांनी नवा गोऱ्हा औताला धरला तेव्हा पहिल्या दिवशी त्याला नांगराला जुंपले नाही. जाणत्या बैलाच्या जोडीला हलक्या वखरावर फिरवले आणि मग एकेक काम वाढवत नेले. ट्रॅक्टरलाही हीच रीत लावायची. पहिले दहा-पंधरा तास वखरणी, मोगडणी, पेरणी, हलकी ट्रॉली. त्यानंतर रोटाव्हेटर, पण कमी खोलीवर आणि मध्ये मध्ये थांबून. पल्टी नांगर आणि भरलेल्या ट्रॉल्या पन्नास तासांच्या सर्व्हिसनंतर. शेजाऱ्याचा जुना ट्रॅक्टर जड कामाला आणि आपला नवा त्याच्या हलक्या कामाला, अशी अदलाबदल एका गावात सहज होऊ शकते. हे नुसते डोक्यात राहिले तर हंगामाच्या धांदलीत विसरते, म्हणून पन्नास तासांच्या कामांचे एक पान पुस्तिकेच्या शेवटी जोडले आहे. ते ट्रॅक्टरच्या शेडमध्ये भिंतीला लावावे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत उलटी चूकही तितकीच होते. हलके काम म्हणजे रिकामे फिरणे, असा समज करून घेऊन काही जण पहिले पन्नास तास नुसते रस्त्यावर फिरून किंवा इंजिन चालू ठेवून घड्याळ पुढे नेतात. वर सांगितलेली बोअरची चकाकी डिझेल इंजिनात याच मार्गाने येते. ज्या कामात इंजिन आवाज बदलून भार घेते, पण दबून फेरे टाकत नाही, ते काम योग्य. दबले की गियर खाली घ्यावा, औताची खोली कमी करावी. हायड्रॉलिकचा दांडा त्यासाठीच आहे.

पन्नास तास म्हणजे किती, हेही बघा. मिनिटाला १८०० फेरे धरले तर पन्नास तासांत इंजिनाचे ५४ लाख फेरे होतात. कारचे पहिले हजार किलोमीटर ताशी सरासरी ४० च्या वेगाने २५ तासांत होतात, आणि २००० फेऱ्यांच्या हिशोबाने ते ३० लाख फेरे होतात. उंचवटे झिजायला एवढे फेरे पुरतात. त्यातून निघालेले धातूचे कण ऑईलमध्ये उतरतात, म्हणून ट्रॅक्टरची पन्नास तासांची पहिली सर्व्हिस कधीही पुढे ढकलू नये. त्या वेळी ऑईल आणि फिल्टर बदलतात, नट-बोल्ट कसतात, टॅपेट तपासतात. हंगाम चालू आहे म्हणून ऐंशी तासांवर नेलेली सर्व्हिस ही बचत नाही. कारच्या बाबतीत मात्र उलटी घाई नको. आजच्या बहुतेक गाड्यांची हजार-पंधराशे किलोमीटरची पहिली सर्व्हिस ही तपासणीच असते आणि ऑईल बदलण्याचा टप्पा पुढचा असतो. कंपनीने जे ऑईल भरून दिले, ते कंपनी सांगेल त्या टप्प्यापर्यंत ठेवावे. जवळच्या दुकानातले वेगळ्या ग्रेडचे जाडसर ऑईल ‘जास्त चांगले’ म्हणून आधीच भरण्याचा मोह टाळावा.

मराठवाड्याचे ऊन आणि धूळ या दोन गोष्टी पुस्तकांतल्या सर्वसाधारण नियमांत पुरेशा येत नाहीत. पाडव्यानंतर घेतलेल्या गाडीचे रनिंग चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात होते. ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीत भुसा आणि पाला अडकतो. नव्या इंजिनात घर्षण जास्त असल्याने उष्णताही जास्त, म्हणून ती जाळी रोज साफ करावी, पाणी रोज पाहावे, आणि तापमानाचा काटा चढला की झाडाखाली थांबावे. अशा वेळी इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ कमी रेसवर चालू ठेवावे. टर्बो असेल तर हे आवर्जून करावे. काळ्या मातीची धूळ एअर क्लीनरमधून आत गेली तर ती रिंगा आणि बोअर दोन्ही खाते. पहिल्या पन्नास तासांत एअर क्लीनरकडे जितके लक्ष द्याल तितके पुढे पैसे वाचतील. कार असो वा ट्रॅक्टर, सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी ऑईलची पट्टी दर आठवड्याला बघावी. नवे इंजिन सुरुवातीला थोडे ऑईल खाऊ शकते. पण पातळी भराभर उतरत असेल किंवा निळसर धूर टिकून राहिला असेल, तर वॉरंटी असताना तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

शेवटचे प्रकरण आहे बोअर केलेल्या इंजिनांचे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या जिल्ह्यात नव्या ट्रॅक्टरइतकेच जुने ट्रॅक्टर विकत घेतले जातात, आणि बोअर-पिस्टनचे काम करून पुन्हा शेतात जातात. नव्या कारखान्यातल्या इंजिनाला जे अचूक होनिंग मिळते, ते तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये मिळेलच असे नाही. त्यामुळे रनिंगचे महत्त्व या इंजिनाला नव्या इंजिनापेक्षाही जास्त. आणि चुकाही इथेच जास्त होतात. काम झाले की इंजिन चालू करून तासन्‌तास, कुठे कुठे रात्रभर, अंगणात न्यूट्रलमध्ये ठेवतात. मिस्त्री आणि मालक दोघांची भावना चांगली असते: इंजिन मोकळे व्हावे. प्रत्यक्षात भाराविना चाललेले ते तास रिंग बसण्याची सर्वांत मोलाची वेळ वाया घालवतात. योग्य रीत अशी, की चालू करून गळती, ऑईल प्रेशर आणि तापमान तपासावे, इंजिन गरम होऊ द्यावे आणि मग लवकरात लवकर हलक्या, बदलत्या कामाला लावावे. पहिले ऑईल आणि फिल्टर मिस्त्री सांगेल तेव्हा, आणि नव्या इंजिनापेक्षा लवकर, बदलावे. हेडचे नट पुन्हा कसायला सांगितले असेल तर त्यासाठी गाडी घेऊन जावे. फोनवर विचारून भागत नाही. आपल्या मिस्त्रींच्या हातात कसब आहे. त्यांच्या मेहनतीचे चीज होणे मालकाच्या पहिल्या पन्नास तासांवर आहे.

या सगळ्याला खर्च किती? काहीच नाही. गाडीच्या किमतीत, विम्यात, हप्त्यात, डिझेलात रुपया-रुपयाचा हिशोब करणारे आपण, बिनपैशाची ही एकच निगा विसरतो. तिचे फळ लगेच दिसत नाही, हे त्याचे कारण असावे. रिंग नीट बसलेली आणि न बसलेली, पहिल्या वर्षी दोन्ही गाड्या सारख्याच वाटतात. फरक दिसतो तो पाचव्या-सहाव्या वर्षी, एक गाडी दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑईल मागू लागते आणि दुसरी मागत नाही, तेव्हा. ट्रॅक्टरच्या बाबतीत हा फरक शेतकऱ्याच्या घरातल्या एका हंगामाच्या कमाईएवढा असू शकतो, कारण बोअर-पिस्टनचे काम नेहमी ऐन नांगरटीतच निघते.

पुस्तिकेची मांडणी वापरण्यासाठी केली आहे. आधी कार, मग मोटारसायकल, मग ट्रॅक्टर, शेवटी बोअर केलेली इंजिने. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एका पानाची यादी आहे. इथे दिलेले आकडे आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकातले आकडे यांत फरक पडला, तर तुमच्या गाडीचे पुस्तक प्रमाण माना. ज्यांनी ते इंजिन बनवले, त्यांचा शब्द शेवटचा. ते पुस्तक इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींकडून रनिंगचे पान वाचून घ्या आणि त्यांच्याकडूनच मराठीत लिहून घ्या. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत हवे; ट्रॅक्टर सालगडी चालवत असेल तर त्यालाही, आणि सर्वांत आधी त्याला.

वाचकांना विनंती एकच. पुढच्या दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी दारात येईल तेव्हा पूजा झाल्यावर, पेढे वाटल्यावर, गाडी चालवणारे सगळे पाच मिनिटे एकत्र बसा आणि ठरवा: पहिले हजार किलोमीटर किंवा पहिले पन्नास तास इंजिन दबू द्यायचे नाही, ताणायचे नाही, रिकामे गुरगुरत ठेवायचे नाही आणि एकाच वेगाने पळवायचे नाही. हे चार नियम पाळा, पहिली सर्व्हिस वेळेवर करा, आणि त्यानंतर त्या गाडीकडून मनसोक्त काम घ्या.